पक्षी टिपणाऱ्या कॅमेऱ्यासाठी नवा विषय: मॅक्रो, गड्डा यात्रा की यंत्रमाग?

नान्नजच्या माळरानावर आणि हिप्परगा तलावाच्या काठी पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्या सोलापूरच्या हौशी मंडळींना कधी ना कधी वेगळा विषय हाताळावासा वाटतो. अशा वेळी जवळ कोणती लेन्स आहे, याचाच विचार आधी होतो. माझ्या मते आपली कोणती सवय मोडायची आहे, हे त्याआधी ठरवावे. पक्षी छायाचित्रकाराची सर्वांत घट्ट सवय अंतराची असते. ४०० ते ६०० मिमीची लेन्स लावून, दडून, पार्श्वभूमी धूसर करून तो एकच जीव टिपतो आणि त्या जीवाशी त्याला कधी बोलावे लागत नाही.

मॅक्रो, म्हणजे लहान वस्तूंचे अगदी जवळून केलेले छायाचित्रण, या सवयीला सर्वांत कमी धक्का लावते. माळ तोच, पहाट तीच आणि चिकाटीही तीच लागते. जूनच्या पहिल्या पावसानंतर लाल मखमली मृगाचे किडे दिसू लागतात आणि पुढे गवत वाढले की नाकतोडे व खंडोबाचे किडे सापडतात. सुरुवातीला महागडी मॅक्रो लेन्स घेतलीच पाहिजे असे नाही. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळीत, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूबमध्ये, काच नसते, त्यामुळे असलेल्या लेन्सचा दर्जा बिघडत नाही. मात्र प्रकाश कमी होतो आणि दूरच्या वस्तूवर फोकस करता येत नाही. खरी कसोटी फोकसच्या खोलीची आहे. किडा सेन्सरवर त्याच्या मूळ आकाराएवढा उमटत असेल, तर लेन्सचे छिद्र एफ/११ इतके लहान ठेवूनही जेमतेम एक-दीड मिलिमीटर भाग स्पष्ट येतो आणि माळावरच्या वाऱ्याने गवताचे पाते हलले की तोही हातचा जातो. ऑटोफोकस बंद करून स्वतः किंचित पुढेमागे होणे आणि फ्लॅशला प्रकाश मवाळ करणारा डिफ्यूजर लावणे, हे तंत्र एका पावसाळ्यात अंगवळणी पडते. पण पाहण्याची रीत मात्र पूर्वीचीच राहते: एक जीव, मागे धूसर हिरवळ.

संक्रांतीची सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा हे याचे दुसरे टोक आहे. उंच सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातले हजारो भाविक आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा हे सारे २४ किंवा ३५ मिमीच्या लेन्सने, गर्दीत उभे राहूनच टिपावे लागते. एका बाबतीत पक्ष्यांचा अनुभव थेट कामी येतो. कॅमेऱ्यातले प्रकाश मोजणारे मीटर पांढऱ्या रंगाला करडा समजून छायाचित्र काळपट करते, म्हणून बगळ्यासाठी एक्स्पोजर वाढवण्याची जी सवय असते तीच बाराबंदीसाठी वापरावी. तरीही नवशिक्याने केवळ यात्रेवर विसंबू नये. गर्दीत उभे राहण्याची जागा आपल्या हाती नसते, आज राहिलेली चूक सुधारायला वर्षभर थांबावे लागते आणि नेमके त्याच दिवसांत माळावर भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी घिरट्या घालत असतात. शिवाय हा लोकांच्या श्रद्धेचा विधी आहे. ध्वज पेलणाऱ्यांच्या वाटेत छायाचित्रासाठी उभे राहणे कोणत्याही कारणाने योग्य नाही.

भुईकोट किल्ल्याचाही पर्याय सुचवला जातो. सरळ रेषा आणि तिरप्या उन्हाचा अभ्यास करायला तो उत्तम आहे. मात्र ट्रायपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी.

माझा कौल शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांना आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, घराघरांत ती वापरली जाते, पण ती विणणारे हात फारसे कोणी पाहिलेले नसतात. कारखान्यात ओळखीने, मालकाची आणि कामगारांची परवानगी घेऊन, पहिल्या खेपेला कॅमेरा न काढता जावे. मागांच्या खडखडाटात बोलणे अशक्य असल्याने ओळख चहाच्या सुट्टीत बाहेरच होते. पक्षी टिपणाऱ्याला नेमका हाच भाग अवघड जातो आणि म्हणूनच तो शिकण्यासारखा आहे. आत डोक्यावर नक्षी विणवणारे जॅकार्ड यंत्र, त्यातून उतरणारे शेकडो दोरे आणि धागा तुटताच माग थांबवून, दोन बोटांत टोके धरून क्षणात गाठ मारणारा विणकर, असे दृश्य हातभर अंतरावरून दिसते.

प्रकाशाचे गणितही उलटे आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. पक्ष्यांसाठीचा १/२००० शटर इथे वापरला तर छायाचित्रात काळपट पट्टे उमटतात. १/१०० किंवा १/५० ठेवावा. १/५० ला आडवा धागा वाहून नेणारा धावता धोटा पुसट होतो आणि स्थिर हात स्पष्ट राहतो, म्हणजे मागाची गती आणि माणसाची एकाग्रता एकाच चौकटीत येतात. सुताचा भुगा उडत असल्याने लेन्स आत बदलू नये आणि यंत्राच्या फिरत्या पट्ट्यांजवळ कॅमेऱ्याचा पट्टा लोंबकळू देऊ नये.

अनोळखी माणसांशी बोलण्याचा संकोच ज्यांना फार वाटतो त्यांनी आधी एक पावसाळा मॅक्रोला देऊन जवळच्या अंतराची सवय करावी. बाकीच्यांनी ३५ मिमी एफ/१.८ सारखी एकच हलकी लेन्स घेऊन कारखान्यात जावे आणि पुढच्या भेटीला त्या विणकरांसाठी छापील प्रती घेऊन जाव्यात.