तुळशीबागेतल्या खेळण्याचं डब्ल्यूडीएम-२: आठ महिने चालवल्यानंतर

बाबांची सगळी नोकरी घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये गेली, फिटर म्हणून. त्यांच्या हाताखालून गेलेलं डब्ल्यूडीएम-२ हे रेल्वेचं डिझेल इंजिन घरात असावं आणि ते रुळांवर खऱ्यासारखं चालावं, ही माझी फार जुनी इच्छा. तयार मॉडेल परवडेना. मग तुळशीबागेतून बॅटरीवर चालणारं प्लॅस्टिकचं इंजिन आणलं आणि दिवाळीच्या सुट्टीत ते एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणात बसवायला घेतलं. जानेवारीत ते पहिल्यांदा धावलं. तेव्हापासून जवळजवळ रोज चालतंय.

खरं इंजिन बफर ते बफर, म्हणजे दोन्ही टोकांच्या धक्के झेलणाऱ्या दांड्यांसकट, १७.१२ मीटर. ८७ ने भागलं की १९७ मिलिमीटर येतात. खेळणं भरलं १६८. रुंदी-उंची बरोबर होती, लांबीच तेवढी खाल्लेली. म्हणून तसंच दुसरं आणलं, दोन्ही वेगवेगळ्या जागी कापली आणि दोघांचं एक केलं. हूडवरच्या, म्हणजे इंजिनाच्या लांबट खोक्यावरच्या, दारांच्या फटीतूनच करवत फिरवली, त्यामुळे जोड सापडत नाही.

मोठ्या हौसेनं बाबांना दाखवलं. त्यांनी खाली वाकून एकदाच पाहिलं. "बफर वर गेलेत रे. रुळाच्या माथ्यापासून ११०५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नयेत. भाग बघू." १२.७ मिलिमीटर आले. माझे होते १७ वर! पुढचे तीन आठवडे त्या चार मिलिमीटरसाठी गेले. खालचा बॅटरीचा डबा कापून टाकला, बोगींचे, म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्यांचे, खिळे नव्यानं बसवले. पण ज्या दिवशी ते खाली बसलं, त्या दिवशी त्याचं खेळणंपण संपलं. रंग, नंबर, जाळ्या हे सगळं नंतर एका रविवारात उरकलं, आणि त्यानं एवढा फरक पडलाही नाही.

चाकांवर मात्र कंजुषी करू नका. खेळण्यात प्रत्येक बोगीला दोनच आस होते, मधलं चाक नुसतं बाजूच्या पट्टीवर कोरलेलं. खऱ्याला तीन-तीन आस. चाकं १०९२ मिलिमीटरची, म्हणजे मॉडेलला साडेबाराची हवीत. मला बाराची धातूची मिळाली. वीज आता बॅटरीऐवजी रुळांतून येते, त्यामुळे आसावरचं एक चाक इन्सुलेटेड, म्हणजे वीज न वाहणारं, असायलाच हवं, नाहीतर दोन रूळ शॉर्ट होतात. मधल्या आसाला दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर सरकायला जागा ठेवली, म्हणून ते वळणावर रूळ सोडत नाही. वीज उचलायला चाकांच्या पाठीवर फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्ट्या टेकवल्यात, बाराही चाकांना.

मूळची मोटर तीन व्होल्टची, आणि वेग भलताच. सेकंदाला एक मीटर म्हणजे प्रमाणात ताशी ३१३ किलोमीटर! खऱ्याची कमाल १२०, म्हणजे मॉडेलला सेकंदाला ३८ सेंटिमीटर. तपकीर गल्लीतून १२ व्होल्टची मोटर आणली, वेग वीस पट उतरवणारा १:२० चा वर्म गिअर लावला. वजनासाठी टायरवाल्याकडच्या बॅलन्सिंगच्या शिशाच्या चिकट पट्ट्या हूडमध्ये भरल्या. नव्वद ग्रॅमचं इंजिन तीनशे ग्रॅमचं झालं. सपाटीवर सहा डबे आरामात ओढतं. खंडाळ्याच्या घाटासारखा १:३७ चा चढ मुद्दाम बांधून पाहिला, तिथे तीनच डबे. घाटात खऱ्या गाड्यांनाही मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागतो, त्यामुळे मला याचं वाईट वाटलं नाही.

पहिले पाच महिने तक्रार नव्हती. पावसाळ्यात सुरू झाली. माझे निम्मे रूळ पितळी आहेत. दमट हवेत ते काळवंडतात आणि इंजिन अडखळतं. निकेल सिल्व्हरच्या भागावर त्रास बराच कमी. आता आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं आठवड्यातून दोनदा रूळ आणि चाकं पुसतो. नव्यानं घेणाऱ्यानं पितळी रूळ घेऊच नयेत असं मी सांगेन.

खरी कसोटी गणपतीत लागली. आराशीभोवती दहा दिवस, रोज संध्याकाळी दोन तास. मोटर कोमट व्हायची, तापली नाही. सातव्या दिवशी मागच्या बोगीची एक पट्टी वाकली आणि सांध्यावर गाडी थांबायला लागली. आरतीआधी वाकवून सरळ केली, पण ती बदलावी लागणार.

एक दोष तसाच राहिलाय. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, १:८७ मध्ये तो १९.३ होतो, एचओचे रूळ १६.५. समोरून पाहिलं की इंजिन अरुंद पायांवर उभं वाटतं. सगळे रूळ हातानं टाकायची तयारी असेल तरच यावर उपाय आहे. मी ते सोडून दिलं. बाजूनं पाहताना जाणवतही नाही.

गेल्या महिन्यात बाबांनी कंट्रोलरच्या बटणाभोवती पांढऱ्या रंगानं आठ खुणा केल्या, खऱ्या इंजिनाच्या आठ नॉचच्या, म्हणजे ताकद वाढवायच्या पायऱ्यांच्या. मी सरळ चौथ्यावर नेतो. ते पहिल्यावर ठेवतात, डब्यांची साखळी ताणली जाईपर्यंत थांबतात, मगच दुसऱ्यावर घेतात.