विक्रेता पॅनेलमधील ‘ऑर्डर रद्द करा’ : दोन वर्षांच्या वापरानंतर

ऑनलाइन बाजारपेठेत माल विकायला उतरणारा माणूस कमिशन किती कापले जाते, पैसे किती दिवसांनी हाती येतात आणि लिस्टिंगला, म्हणजे वस्तू विक्रीसाठी मांडायला, किती वेळ जातो, हे तीन प्रश्न सर्वांत आधी विचारतो. ऑर्डर रद्द करायची वेळ आली तर पॅनेल, म्हणजे विक्रेत्याने आपल्या ऑर्डरी जिथून हाताळायच्या ते बाजारपेठेचे पान, आपल्याशी कसे वागेल, हा चौथा प्रश्न मात्र पहिली ऑर्डर रद्द होईपर्यंत कोणाला सुचत नाही. मलाही सुचला नव्हता. मी हाताने बांधलेल्या वह्या आणि रोजनिशा विकते. माझी बहुतेक विक्री गेली दोन वर्षे ज्या बाजारपेठेवर होते, तिच्या पॅनेलमधील ऑर्डर रद्द करण्याच्या सोयीपुरतेच हे परीक्षण आहे. बाजारपेठेचे नाव मी घेत नाही, कारण येथे मांडलेल्या अडचणी थोड्याफार फरकाने इतरत्रही भेटतात.

आधी जे चांगले आहे ते सांगते. माल रवाना झालेला नसेल तर ऑर्डर उघडून, कारण निवडून ती रद्द करायला अर्धे मिनिटही लागत नाही. ग्राहकाला संदेश आपोआप जातो, पैसे परत करण्याची प्रक्रिया आपोआप सुरू होते आणि विक्रेत्याला कसलाही हिशोब मांडावा लागत नाही. एकाच ऑर्डरमध्ये अनेक वस्तू असतील तर त्यांतील एकच रद्द करता येते, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते. पाच वह्यांच्या ऑर्डरमधील एका वहीच्या कापडी पुठ्ठ्यावर सरसाचा डाग निघाला, तेव्हा तेवढी एक वही वगळून उरलेल्या चार मी त्याच दिवशी पाठवू शकले. कुरिअरचे लेबल आधीच काढलेले असेल तर ते मात्र वेगळ्या पानावर जाऊन स्वतः रद्द करावे लागते. ते विसरले की न वापरलेल्या लेबलचे पैसे अडकून बसतात. पहिल्या काही महिन्यांत मी ते तीनदा विसरले.

पैशांबाबत एक गोष्ट नव्या विक्रेत्याने समजून घ्यायला हवी. कार्डाने दिलेली रक्कम पुष्कळदा माल रवाना होईपर्यंत ग्राहकाच्या खात्यातून प्रत्यक्ष कापली जात नाही, नुसती अडवून ठेवलेली असते. अशी ऑर्डर रद्द झाली की ती अडवणूक उठते, परंतु बँकेच्या नोंदीत ते दिसायला काही दिवस जातात. आमचे पॅनेल ग्राहकाला त्याच क्षणी ‘आपले पैसे परत केले आहेत’ असे कळवून मोकळे होते. त्यामुळे पुढचे चार दिवस ‘पैसे कुठे आहेत?’ हा प्रश्न बाजारपेठेला न विचारला जाता मला विचारला जातो. संदेशात ‘बँकेनुसार काही दिवस लागू शकतात’ एवढी एक ओळ घातली असती तर माझा बराचसा पत्रव्यवहार वाचला असता.

येथपर्यंतच्या तक्रारी किरकोळ आहेत. खरी अडचण सुरू होते ती ऑर्डर कोणी रद्द केली, या नोंदीपाशी. ऑर्डर रद्द होणे ही एकच घटना असली तरी पॅनेलच्या वहीत तिच्या दोन जाती आहेत: ग्राहकाने आपल्या खात्यातील बटण दाबून मागितलेली आणि विक्रेत्याने आपणहून केलेली. पहिलीचा विक्रेत्याच्या गुणांकनावर परिणाम होत नाही, दुसरीचा होतो. हे तत्त्व अन्याय्य नाही. ॲमेझॉनवर स्वतः माल पाठवणाऱ्या विक्रेत्याने रवानगीपूर्वी रद्द केलेल्या ऑर्डरचे प्रमाण 7 दिवसांच्या हिशोबात 2.5 टक्क्यांच्या आत असावे लागते, आणि ग्राहकाने आपल्या खात्यातून विनंती करून रद्द करवलेली ऑर्डर त्यात धरली जात नाही. ईबे या दुसऱ्या बाजारपेठेवर विक्रेत्याने निवडलेले कारण निर्णायक ठरते. ‘माल संपला किंवा खराब झाला’ हे कारण विक्रेत्याच्या नावावर दोष म्हणून चढते, तर ग्राहकाची विनंती किंवा पत्त्यातील अडचण चढत नाही. माल नसताना ऑर्डरी घेत सुटणाऱ्यांना आवर घालण्यासाठी असा काही नियम हवाच.

परंतु माणसे बटणे दाबत नाहीत, माणसे संदेश लिहितात. एका रात्री एका ग्राहकाने मला लिहिले, ‘चुकून निळी मागवली, मला मरून हवी होती, कृपया ही रद्द करा, मी नवीन ऑर्डर टाकतो.’ मी तत्परतेने ऑर्डर उघडली. कारणांच्या यादीत ‘ग्राहकाची विनंती’ हा पर्याय फिकट होऊन बसला होता, कारण ग्राहकाने त्याच्या बाजूने रीतसर विनंती नोंदवलेली नव्हती. उरलेल्या कारणांपैकी त्यातल्या त्यात निरुपद्रवी वाटणारे ‘इतर’ मी निवडले, ग्राहकाने आभार मानले, मरून वहीची ऑर्डरही टाकली. आणि सकाळी माझ्या गुणांकनाच्या पानावर लाल पट्टी उमटलेली होती.

त्या आठवड्यात माझ्याकडे 34 ऑर्डरी आल्या होत्या. त्यांतील एक रद्द म्हणजे 2.94 टक्के, आणि आमच्या बाजारपेठेची मर्यादाही अडीचच टक्क्यांची आहे. आठवड्याला हजार ऑर्डरी पाठवणाऱ्याला 24 चुका पोटात घालता येतात. मला एकही घालता येत नाही. एका चुकीला जागा व्हावी म्हणून मला आठवड्याला किमान 41 ऑर्डरी हव्यात, कारण 40 मध्ये एक म्हणजे नेमके अडीच टक्के भरतात आणि मर्यादा ‘अडीचच्या आत’ अशी आहे. टक्केवारी सर्वांना सारखीच लावली की ती सर्वांना सारखीच जाचते, असे मुळीच नाही. ठरावीक संख्येखालच्या विक्रेत्यांसाठी टक्क्यांऐवजी मोजक्या ऑर्डरींची सूट ठेवणे पॅनेल बनवणाऱ्यांना अवघड नसावे.

मी दाद मागितली, संभाषणाचे छायाचित्र जोडले. नवव्या दिवशी नियमांचा ठरावीक उतारा उत्तर म्हणून आला. मी पुन्हा लिहिले, तेव्हा कोणीतरी खरोखर वाचले असावे, कारण दोन ओळींची क्षमा मागून ती नोंद काढून टाकण्यात आली. तोवर हिशोबाचे सात दिवस केव्हाच उलटून गेले होते आणि लाल पट्टी आपोआप गेली होती. आता अशा प्रत्येक ग्राहकाला मी आधी ठरलेले उत्तर पाठवते: ‘आपल्या ऑर्डरच्या पानावरील रद्द करण्याचे बटण दाबावे, मी लगेच मान्यता देते.’ कोणी ते निमूटपणे करतो, कोणाला मी टाळाटाळ करते असे वाटते. काही अनुभवी विक्रेते सांगतात की जिथे तो पर्याय खुला असतो तिथे दोष आपला असला तरी कारण ग्राहकाचे दाखवावे. ते मला पटत नाही. शिवाय ‘आपल्या विनंतीवरून ऑर्डर रद्द केली’ असा संदेश न मागताच हाती पडलेला ग्राहक पहिली तक्रार त्याचीच करतो.

दुसरा मोठा दोष साठ्याचा आहे आणि तो पॅनेलच्या एका चौकोनात दडलेला आहे. ऑर्डर रद्द करताना खाली ‘वस्तू पुन्हा साठ्यात घ्या’ असा चौकोन असतो आणि त्यात बरोबरची खूण आधीपासून केलेली असते. ग्राहकाचे मन बदलले असेल तर हे योग्यच आहे. पण मी वर सांगितलेली डागाची वही रद्द केली तेव्हा माझे त्या खुणेकडे लक्ष गेले नाही. पॅनेलने साठा शून्यावरून एकवर नेला, लिस्टिंग पुन्हा जिवंत झाले आणि संध्याकाळी तीच डागाची वही दुसऱ्या एका ग्राहकाने विकत घेतली. तीही रद्द करावी लागली. एका सरसाच्या डागापायी दोन ग्राहकांची क्षमा मागावी लागली आणि दोन्ही दोष माझ्या नावावर चढले. ‘खराब’ किंवा ‘माल संपला’ असे कारण निवडल्यावर तरी ती खूण आपोआप निघून जायला हवी. कारण आणि साठा या दोन गोष्टी एकाच पानावर असून एकमेकींना ओळखत नाहीत, हे मला अनाकलनीय वाटते.

लेबल छापून झाल्यावर येणारी विनंती हा वेगळाच प्रसंग असतो. पुडके बांधून झालेले, चिकटपट्टीचे टोक अजून बोटाला चिकटलेले, कुरिअरचा माणूस दाराशी उभा, आणि तेवढ्यात फोनवर ‘ग्राहकाला ऑर्डर रद्द करायची आहे’ अशी सूचना येते. या बाबतीत मात्र आमच्या पॅनेलचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. ‘मान्य’ आणि ‘नाकारा’ या बटणांच्या शेजारी कुरिअरने पुडके पहिल्यांदा स्कॅन केले आहे की नाही, हे वेळेसह दिसते. स्कॅन झालेले नसेल तर मी पुडके बाजूला ठेवते आणि मान्यता देते. झालेले असेल तर नाकारते आणि माल परत पाठवल्यावर पैसे मिळतील असे ग्राहकाला कळवते. कारण वाटेतल्या मालाला मान्यता दिली की पैसे लगेच परत जातात आणि पुडके आपल्या गतीने ग्राहकाच्या दारी पोहोचते. मग ते परत मिळवणे सर्वस्वी त्याच्या सौजन्यावर राहते. उत्तर द्यायला 24 तास मिळतात, हेही पुरेसे आहे. मात्र सुट्टीवर जाताना विक्री थांबवण्याची कळ दाबली तरी हे घड्याळ थांबत नाही, याची सूचना पॅनेल कुठेही देत नाही.

एकच साठा दोन बाजारपेठांवर मांडणाऱ्यांना ही सोय आणखी जड जाईल, कारण दोन ठिकाणचे आकडे जुळायला काही मिनिटांचा उशीर झाला तरी एकच वही दोनदा विकली जाते. मी प्रत्येक प्रकारातील शेवटची वही कोठेच मांडत नाही. थोडी विक्री जाते, पण लाल पट्टी येत नाही. महिन्याला शे-दोनशे ऑर्डरी करणाऱ्या, एकाच ठिकाणी विकणाऱ्या आणि संदेशांना स्वतः उत्तरे देणाऱ्या विक्रेत्याला हे पॅनेल चालण्यासारखे आहे. माझ्याकडून त्याला पाचपैकी तीन तारे, आणि त्यांतील एक त्या स्कॅनच्या नोंदीसाठी आहे. चौथा मी त्या चौकोनातील खूण आधीपासून केलेली येणे बंद होईल त्या दिवशी देईन.