सदाशिव पेठेतला तीन रविवारचा इतिहासवर्ग : विषय असांते राजा

सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर इतिहासाचे छोटे वर्ग चालतात, रिटायर्ड प्राध्यापक मॅडम घेतात, एका विषयाला तीन रविवार, सकाळी दहा ते साडेबारा, फी माणशी 900 रुपये चहा धरून. यावेळचा विषय होता घाना देशातल्या असांते लोकांचा राजा, म्हणजे आज गादीवर असलेला, जुना मेलेला नाही. मी आणि माझे सासरे दोघं गेलो होतो. अप्पा पेशवाई सोडून कशाला हात लावत नाहीत, पण तिन्ही रविवार ते नऊ वाजताच कपडे करून बसलेले, यावरून काय ते समजा.

पहिल्याच दिवशी मॅडमनी आफ्रिकेचा नकाशा वगैरे काही लावला नाही, थेट वाघनखांवर आल्या. 2024 च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याला आली, तीन वर्षांच्या बोलीवर, आपण सगळ्यांनी रांगा लावून बघितली. त्याच वर्षी मे महिन्यात असांते लोकांच्या राजधानीत, कुमासी शहरात, एक प्रदर्शन उघडलं, त्यात याच म्युझियममधल्या 17 आणि ब्रिटिश म्युझियममधल्या 15 वस्तू होत्या, बहुतेक सोन्याच्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा 1874 च्या लढाईत इंग्रजांनी कुमासीचा राजवाडा लुटून, शहर जाळून नेलेल्या. त्याही तीन वर्षांसाठी उसन्या, कारण ब्रिटनच्या कायद्यामुळे या म्युझियमना वस्तू कायमची परत देता येत नाही. अप्पा पटकन म्हणाले, "अहो पण स्वतःच्याच घरची वस्तू उसनी कशी आणायची?" आणि मॅडम म्हणाल्या हाच प्रश्न घेऊन तीन रविवार बसायचंय. मला तिथेच वर्ग आवडला.

फरक कुठे तर आपल्याकडे करार राज्य सरकारने केला. तिथे बोलणी राजाने केली, म्हणजे ओतुम्फुओ ओसेई तुतू दुसरे यांनी (असांते राजाच्या पदाला "असांतेहेने" म्हणतात), आणि वस्तू आल्या त्या त्यांच्या मानहिया राजवाड्याच्या म्युझियममध्ये. ज्याच्याकडे ना सैन्य ना टॅक्स गोळा करायचा अधिकार, त्याच्याशी लंडनची एवढी मोठी म्युझियम बोलायला बसतात, ते का, यावर सगळा दुसरा रविवार गेला आणि तोच सगळ्यात भारी होता.

तर हे सोळावे असांतेहेने, 26 एप्रिल 1999 ला गादीवर आले. त्याआधी लंडनला शिकलेले, परदेशात नोकरी केलेली, मग कुमासीत येऊन व्यवसाय, अगदी आपल्यातल्या कुणासारखं आयुष्य. गादी बापाकडून मुलाकडे जात नाही, आईच्या कुळातून जाते, आणि नाव सुचवायचा मान असांतेहेमाचा म्हणजे राजमातेचा, यांच्या वेळी त्या पदावर त्यांची स्वतःची आई होती. मग वर्गातल्या एका काकूंनी विचारलं की राजमातेने सुचवलं आणि सरदारांना नाही पटलं तर? तर ते नाव नाकारू शकतात, मग तिने दुसरं द्यायचं. आणि गादीवर बसवलेला राजा नीट वागला नाही तर त्याला उतरवायचीही रीत आहे, हे मला अजिबात माहीत नव्हतं.

गादी म्हणजे तिथे स्टूल, लाकडी बैठक. पण त्यांचं जे सोन्याचं स्टूल आहे, सिका द्वा कोफी, त्यावर कुणीच बसत नाही, राजासुद्धा नाही. त्यात सगळ्या असांते लोकांचा प्राण आहे असं मानतात, साधारण 1700 च्या सुमारास पहिल्या ओसेई तुतूच्या काळात ते आकाशातून उतरलं, शुक्रवारी, म्हणून नावात कोफी (शुक्रवारी जन्मलेल्या मुलाचं नाव). त्याला वेगळं आसन असतं, त्यावर ते आडवं ठेवतात. आणि 1900 मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसन कुमासीत जाऊन सगळ्या सरदारांसमोर विचारतो की ते स्टूल कुठंय, मला बसायला का आणलं नाही! असांतेंचा तेव्हाचा राजा प्रेम्पे पहिला तर 1896 पासून इंग्रजांच्या कैदेतच होता. मग एजिसू गावची राजमाता (नाव तिचं "या असांतेवा") उभी राहिली आणि लढाई पेटली. लढाई हरले, तिला सेशेल्स बेटांवर नेलं, ती तिथेच 1921 मध्ये वारली, पण स्टूल काही इंग्रजांच्या हाती लागलं नाही. हे ऐकताना माडीवर पिन पडली तरी ऐकू आली असती. अप्पा नंतर हळूच म्हणाले, आपल्या प्रतापसिंह महाराजांना 1839 मध्ये काशीला धाडलं ते परत आलेच नाहीत, प्रेम्पे निदान 1924 ला परत तरी आला. घरी येताना टिळक रोडवर रिक्षात ते काहीच बोलले नाहीत.

आजचं काम काय राजाचं, तर मुख्य म्हणजे भांडणं मिटवणं. जमिनीची, वारसाची, गावागावातल्या गाद्यांची. सगळ्यात मोठं उदाहरण दागबोनचं, ते असांते नव्हेत, देशाच्या उत्तर भागातलं वेगळं राज्य, 2002 मध्ये तिथल्या राजाची हत्या झाली आणि दोन घराण्यांत वैर पेटलं. सरकारने तीन मोठ्या राजांची समिती नेमली, अध्यक्ष असांतेहेने, आणि वर्षानुवर्षं बसून बसून शेवटी 2019 च्या जानेवारीत नवा राजा गादीवर आला. एवढी चिकाटी! घानाच्या 1992 च्या घटनेत या राजेपणाला संरक्षण आहे पण गादीवरच्या माणसाने पक्षाच्या राजकारणात उतरायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय, आणि मला वाटतं दोन्ही घराणी त्यांच्यासमोर बसायला तयार झाली ती त्यामुळेच. शिवाय 1999 पासून त्यांचा शिक्षणासाठीचा फंड आहे आणि कुमासीच्या मोठ्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचे ते कुलपती.

दुसऱ्या रविवारी कुमासीची एक मुलगी आली होती, पुण्यातच एमएस्सी करते. दर 42 दिवसांनी एका रविवारी अक्वासिदाए नावाचा सण असतो, राजा मोठ्या छत्रीखाली बसतो (आपली अब्दागिरी आठवली), सोनं, ढोल, शिंगं, आणि राजाशी थेट बोलायचं नाही, मधे ओक्येआमे असतो, दोन्हीकडचं बोलणं त्याच्या तोंडून जातं. तिने सांगितलं की तिचे वडील एरवी ऑफिसला शर्टपँटमध्ये जातात पण राजासमोर चपला काढून, खांद्यावरचं कापड खाली घेऊन उभे राहतात, आणि हे सांगताना ती स्वतःच सरळ होऊन बसली. तिने आणलेलं केंतेचं कापड हाताने बघू दिलं, अरुंद पट्ट्या विणून मग शेजारी शेजारी शिवतात, आमच्यातल्या दोघी पैठणीवाल्या ते सोडायलाच तयार नाहीत.

आता तक्रारी. हातात दिलेल्या कागदांवर राजाला "टोळीप्रमुख" छापलं होतं, त्या मुलीने शांतपणे विचारलं की सातारच्या महाराजांना तुम्ही असं म्हणाल का, मॅडमनी लगेच माफी मागितली आणि तिसऱ्या रविवारी नवे कागद आणले, हे मनापासून आवडलं. पण तिसरा दिवस फार घाईत गेला. जमिनीच्या उत्पन्नाची वाटणी (प्रशासनाचे 10 टक्के काढून उरलेल्यातले 25 गादीला, 20 पारंपरिक मंडळाला आणि 55 स्थानिक शासनाला) फळ्यावर लिहिली आणि पुसली, मला त्यावर खूप विचारायचं होतं. आणि असांते राज्याने युद्धकैदी गुलाम म्हणून किनाऱ्यावर विकले, त्या पैशावरही ते राज्य वाढलं, याला जेमतेम दहा मिनिटं. राजाबद्दल आदर वाटायला लावलात तर हेही तेवढंच सावकाश सांगायला हवं होतं, मी मॅडमना तसं बोलले, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

बाकी जिना अरुंद आणि अंधारा आहे, गुडघेदुखीवाल्यांनी कुणाला तरी बरोबर न्या. खुर्च्या प्लास्टिकच्या, अडीच तासांत पाठ धरते. पार्किंग अजिबात नाही, रिक्षानेच या. चहा चांगला.

पाचपैकी साडेचार. पुढची बॅच दिवाळीनंतर, विषय प्रेम्पेची ती 28 वर्षं, कैद ते परत येणं. अप्पांनी दोघांचे पैसे भरून ठेवलेत.