एआयबीई आणि अर्धवेळ नोकरी : जाडा बेअर अ‍ॅक्ट संच, सुटी पुस्तकं आणि सराव अ‍ॅप – काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एआयबीई, म्हणजे वकिली करण्यासाठी कायद्याच्या पदवीनंतर द्यावी लागणारी ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, पास होऊन सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस हातात आलंय, त्यामुळे आता निवांत लिहिते. तयारीच्या काळात तीन गोष्टी रोज वापरल्या. एक, सगळे कायदे एकाच बांधणीत असलेला जाडजूड बेअर अ‍ॅक्ट संच (बेअर अ‍ॅक्ट म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर). दोन, मुख्य कायद्यांची सुटी पातळ पुस्तकं. तीन, सराव चाचण्यांचं एक मोबाइल अ‍ॅप. तिन्ही पदरचे पैसे घालून घेतल्या, तेव्हा कुणाची भीड नाही.

आधी माझा दिवस सांगते, कारण दिवसभर घरी बसून अभ्यास करणाऱ्याला यातलं बरंचसं लागू होणार नाही. अकरापासून पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात सरांकडे, म्हणजे माझ्या सीनिअर वकिलांकडे, ज्युनिअरशिप. दुपारनंतर कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात मुद्रितशोधन. ज्युनिअरला जे मिळतं त्यात पेट्रोल निघतं, घरभाडं नाही, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. अभ्यासाला उरायची ती सकाळ, बसमधला वेळ आणि बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) संपेपर्यंत कोर्टाबाहेरच्या बाकावर काढलेला वेळ.

सनद (वकिलीचा परवाना) घेतल्यावर नोकरी चालते का, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ४९ पूर्णवेळ पगारी नोकरीला मनाई करतो. नियम ५१ मध्ये वकिलाला काय करता येतं त्याची यादी आहे आणि पगार घेऊन कायद्याची पाठ्यपुस्तकं संपादित करणं त्या यादीत आहे. बाकी अर्धवेळ नोकरीसाठी नियम ५२, म्हणजे आधी राज्य बार कौन्सिलची संमती. कॉलेजात कायदा शिकवणार असाल तर दिवसाला ३ तासांची मर्यादा. जे काही करत असाल ते लेखी कळवून ठेवा, 'कोण बघतंय' म्हणून दडवू नका. शिवाय परीक्षेत व्यावसायिक नीतिमत्तेवर ४ प्रश्न असतात, त्यामुळे हे वाचन वाया जात नाही.

आता मूळ मुद्दा. २०२१ च्या सोळाव्या परीक्षेपासून पुस्तकं आणि नोट्स आत न्यायला बंदी आहे. न्यायचे ते फक्त बेअर अ‍ॅक्ट, तेही टीपा-टिप्पणी नसलेले. हे ऐकून बहुतेकांना वाटतं, चला, कायदा समोरच असणार, मग घोकायचं कशाला? आणि इथेच जाडा संच विकला जातो. मीही याच हिशेबाने घेतला.

प्रश्न १००, वेळ साडेतीन तास. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटांहून थोडं जास्त, त्यातच प्रश्न वाचणं आणि उत्तरपत्रिकेतला गोल काळा करणं आलं. संच उघडून, आधी कायदा शोधून, मग त्याची अनुक्रमणिका, मग कलम, असं करायला मला सुरुवातीला तीन मिनिटं सहज लागत. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नसतो. अशा परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला पुस्तक उघडत बसलात तर शेवटचे तीस-पस्तीस प्रश्न नुसते देवाचं नाव घेऊन टिक करावे लागतील.

संचाची तक्रार मजकुराबद्दल नाही, मजकूर चोख होता. तक्रार आहे ती कागद, बांधणी आणि वजनाची. कागद इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतात. बांधणी डिंकाची, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेतला, म्हणजे सीपीसीतला, ऑर्डर २१ सगळ्यात आधी सुटा झाला. दरखास्तीचं, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचं प्रकरण ते, त्यात शंभरावर नियम, पानं सारखी चाळावी लागणारच. आणि वजन! बसमध्ये उभ्याने एका हातात तो धरून दाखवा, मी त्याला पाच तारे देते. घरी टेबलावर ठेवायला उत्तम. नोकरीवाल्याचा अभ्यास टेबलावर होत नाही, एवढीच अडचण.

सुटी पुस्तकं मी नंतर घेतली आणि तिथून गाडी रुळावर आली. राज्यघटना, भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम, सीपीसी, आणि करार कायद्यापासून निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्सपर्यंतची (चेक, हुंडी वगैरेंचा कायदा) चार बारकी पुस्तकं. आठवड्याला एक पुस्तक पिशवीत, बाकीची घरी. वेगळ्या रंगाची मुखपृष्ठं हा किरकोळ फायदा वाटेल, पण परीक्षेच्या बाकावर हात आपोआप योग्य पुस्तकाकडे जातो.

पुस्तक वाचण्यापेक्षा ते उघडण्याचा सराव जास्त कामी आला. प्रकाशनात आमच्या टेबलाला एक ज्येष्ठ काका आहेत, आयुष्यभर कायद्याची प्रूफं वाचलेले. चहाच्या वेळी ते मधूनच हाक द्यायचे, "एकतर्फी हुकूमनामा रद्द!" मी ऑर्डर ९ नियम १३ काढायचा. "वादपत्र फेटाळणं!" ऑर्डर ७ नियम ११. "तात्पुरता मनाई हुकूम!" हा मात्र पुस्तक न उघडताच, कारण ऑर्डर ३९ चे अर्ज सरांकडे पडलेलेच असायचे. पान सापडायला उशीर झाला की काका घड्याळाकडे बघून म्हणायचे, "तारीख पडली, ताई." दोन महिन्यांत अनुक्रमणिका डोळ्यांसमोर दिसायला लागली. कलमाचे शब्द पाठ नव्हते, पण कलम पुस्तकाच्या कुठल्या भागात आहे ते बोटांना कळत होतं. या परीक्षेला तेवढं पुरतं.

कोर्टात जाणाऱ्यांना खरा त्रास झाला तो नव्या फौजदारी कायद्यांचा. १ जुलै २०२४ च्या आधीचे गुन्हे जुन्या भारतीय दंड संहितेखालीच चालणार, नंतरचे न्याय संहितेखाली, त्यामुळे खुनाचं कलम सकाळी फाइलमध्ये ३०२ आणि संध्याकाळी अभ्यासात १०३. ४२० गेलं ३१८(४) मध्ये. नव्या संहितेत ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने काढलेले उद्गार! नागरिक सुरक्षा संहितेत तर थट्टाच आहे. जमावबंदीचं १४४ आता १६३, आणि १४४ क्रमांकावर पोटगी येऊन बसली, जी पूर्वी १२५ होती. अटकपूर्व जामीन ४३८ वरून ४८२ ला गेला, आणि ४८२ म्हटलं की ज्याच्या तोंडात हायकोर्टाचे अंगभूत अधिकार यायचे, त्याने आता ५२८ म्हणायचं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५ब म्हणजे आता साक्ष्य अधिनियमाचं ६३. जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता मी चेंबरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. सरही तोच बघायचे, फक्त कबूल करायचे नाहीत.

याच कारणामुळे सराव अ‍ॅपला माझ्याकडून दोनच तारे. वर्षाची वर्गणी भरली. प्रश्न भरपूर, इंटरफेस छान, बसमध्ये करायला सोयीचं, इथपर्यंत ठीक. पण नवे कायदे लागू झाल्यावर त्यांनी बऱ्याच प्रश्नांत नुसतं कायद्याचं नाव बदललं होतं आणि उत्तरात क्रमांक जुनाच. नागरिक सुरक्षा संहितेखाली अटकपूर्व जामीन कुठे, तर म्हणे ४३८. तक्रार केली, 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं, प्रश्न तसाच. अ‍ॅप वापराच, पण वेळेच्या सरावासाठी. उत्तर चुकलं असं ते म्हणालं की इंडिया कोडच्या सरकारी संकेतस्थळावर मूळ कलम बघा. तिथे केंद्रीय कायदे फुकट मिळतात, फोनवर उतरवूनही घेता येतात.

बेअर अ‍ॅक्ट कुठे उपयोगी पडत नाही, हे विक्रेता सांगत नाही. प्रशासकीय कायद्याचे ३ प्रश्न असतात, त्याला बेअर अ‍ॅक्टच नाही. जनहित याचिकेचे ४, ते बहुतांश निकालांवर. घटनेच्या १० प्रश्नांतही कलम सापडेल, पण मूलभूत संरचनेचा सिद्धांत कुठल्या खटल्यातला हे तुमच्या पुस्तकात छापलेलं नसणार. केशवानंद भारती, १९७३, हे डोक्यातच हवं. कुटुंब कायद्यात हिंदू विवाह अधिनियम उघडता येतो, मुस्लिम कायद्याचा बराच भाग मात्र कायद्याच्या पुस्तकात नाहीच.

विषय १९ आहेत म्हणून घाबरायचं कारण नाही. घटना, सीपीसी आणि नागरिक सुरक्षा संहिता प्रत्येकी १०. न्याय संहिता, साक्ष्य, कुटुंब कायदा आणि करार-मालमत्तेचा गट प्रत्येकी ८. सात गटांचे झाले ६२. पास व्हायला खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला ४५ टक्के, एससी-एसटीला ४०. वेळ कमी असेल त्याने या सात गटांवरच मुक्काम करावा. कंपनी, सायबर, पर्यावरण, बौद्धिक संपदा यांचे प्रत्येकी २. भूसंपादनाचेही २, त्यात खासगी प्रकल्पाला ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीला ७० टक्के संमती एवढं लक्षात ठेवून मी पुढे सरकले. कोर्टातल्या कामाचा फायदाही याच सात गटांत मिळतो. न वटलेल्या चेकच्या केसेस लिहिणाऱ्या ज्युनिअरला कलम १३८ ची नोटीस ३० दिवसांत, मग पैसे द्यायला १५ दिवस, मग तक्रारीला एक महिना, हे झोपेतही सांगता येतं.

तर आज घ्यायचं झालं तर सुटी पुस्तकं डोळे मिटून घेईन. संच एखाद्या मैत्रिणीबरोबर अर्ध्यात घ्यावा, दोन-दोन गुणांच्या विषयांपुरता तोच परीक्षेला न्यावा. पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकातून जुनी प्रत घेणार असाल तर किमतीआधी दोन गोष्टी बघा. पेन्सिलीने लिहिलेलं काही नको, कारण आत फक्त कोरी प्रत चालते. आणि छपाईचं वर्ष बघा. फौजदारी कायदे १ जुलै २०२४ नंतरचे हवेत, चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, आयकराचा २०२५ चा नवा अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून. कामगार आणि कर या दोन विषयांचे मिळून ८ गुण आहेत, आणि दुकानदार जुना साठा आधी पुढे करतो.