लहान खोली, लहान स्पीकर: नऊ महिने ऐकल्यानंतर

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची माडीवरची दहा बाय बाराची खोली गाणं ऐकायला मोकळी केली, तेव्हा दोन स्पीकरांवर घोडं अडलं होतं: व्हार्फडेल डायमंड १२.२ आणि केईएफ एलएस५० मेटा. दोन्ही ब्रिटिश. केईएफ काढणारे रेमंड कुक आधी व्हार्फडेलमध्येच होते, म्हणजे घराणी तशी लांबची नाहीत.

पुण्यातल्या मोठ्या हॉलमध्ये साडेसहा इंची वूफरचं (खालचा आवाज देणाऱ्या पडद्याचं) व्हार्फडेल ऐकलं आणि डग्ग्याचा भरदारपणा मनात बसला. मित्रानं त्याचा जोड दोन आठवडे वापरायला दिला. माझ्या खोलीत तोच डग्गा घुमायला लागला. दोष स्पीकरचा नव्हे, खोलीचा. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झला आणि दहा फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झला लाट उभी राहते, म्हणजे तेवढेच खालचे सूर खोलीत फुगतात. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. अशा जागी खालचा आवाज जेवढा जास्त, तेवढा गोंधळ जास्त.

म्हणून खालचा आवाज कमी देणारं केईएफ घेतलं. धास्ती एकच होती, तंबोऱ्याची. काळी एक पट्टीच्या तंबोऱ्यात जोडीच्या तारा १३८ हर्ट्झच्या आणि खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालची तार, ६९ ची. हा स्पीकर ७९ च्या खाली उतरताना हात आखडतो. पण जवारी (तारेखालच्या दोऱ्यानं येणारा गुंजारव) चांगली लागलेली असेल तर खर्जाचं बळ त्याच्या वरच्या स्वरांत असतं आणि मूळ सूर कान स्वतःच उभा करतो. पहिल्या आठवड्यात एका रात्री खर्जातून न छेडता आपोआप निघणारा स्वयंभू गंधार इतका स्वच्छ ऐकू आला की मी दिवा घालवून तसाच बसून राहिलो. ट्वीटर (वरचा बारीक आवाज देणारा भाग) वूफरच्या मधोमध असल्यानं सहा फुटांवरूनही गळा आणि पेटी एकमेकांत कालवत नाहीत. आण्णांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हां, आता पेटी मागं गेली बघ."

अल्लादियाँ खाँसाहेब ज्या गावात शाहू महाराजांचे दरबारी गवई होते, त्या गावात त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची तान अशी पेच न पेच सुटी ऐकायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं. त्या जुन्या ध्वनिमुद्रणांत खालचा आवाज मुळातच थोडा. सगळं गाणं मधल्या पट्टीत आहे.

अँप्लिफायरचा खर्च मात्र आधीच धरा. केईएफची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर निघणारा आवाज, ८५ डेसिबल, व्हार्फडेलची ८८. तेवढ्याच आवाजाला केईएफला दुप्पट वॅट लागतात. माझा जुना ३० वॅटचा अँप दमला, ६० चा घ्यावा लागला.

स्टँड उद्यमनगरात चौकोनी पाइपचे करून घेतले, चोवीस इंच उंच. पहिल्या दिवशी टिचकी मारली की पाइप टणटण वाजायचा. वाळू चाळून, उन्हात कोरडी करून आत भरली आणि आवाज मेला. मग स्पीकर भिंतीपासून नऊ इंचांवरून बावीस इंचांवर आणले, मागच्या पोर्टला (हवेच्या भोकाला) फोमचा बूच लावला. या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडला, तेवढा महाग वायरीनं पडला नाही.

पावसाळ्यात ऑगस्टमध्ये डावी बाजू खरखरायला लागली. स्पीकरच्या वायरीची उघडी तांब्याची टोकं ओलीनं काळी पडली होती, ती मीच तशी ठेवली होती. कापून बनाना प्लग लावले. तेव्हापासून खरखर नाही.