बेसची तार तुटली तर: एकच नवी, अख्खा संच, की जपून ठेवलेली जुनी?

बेस गिटारची तार तुटणे ही क्वचित घडणारी गोष्ट आहे आणि नेमकी त्यामुळेच आपण बेस वाजवणारे तिच्याबाबतीत गाफील असतो. सतार वाजवणाऱ्याच्या किंवा सहा तारांची गिटार वाजवणाऱ्याच्या पेटीत जादा तारा असतातच, कारण तिथली बारीक तार कधी दगा देईल याचा नेम नसतो. आपल्याकडे मात्र एकाच संचावर दोन-दोन वर्षे काढणारे पुष्कळ आहेत. मी मुंबईत मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदात गेली बारा वर्षे बेस वाजवतो. एवढ्या काळात माझ्या तीन तारा तुटल्या आणि तिन्ही वेळा मी वेगळा मार्ग धरला: एकदा फक्त तुटलेल्या तारेच्या जागी नवी लावली, एकदा सगळा संच बदलला आणि एकदा जुन्या संचातली राखून ठेवलेली तार चढवली. पुढे जे लिहीत आहे त्यामागे कोणतेही यंत्र नाही, माझे कान आहेत; तेव्हा ते त्याच बेताने घ्यावे.

कोणताही मार्ग निवडण्याआधी तुटलेल्या तारेचे टोक पाहावे, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. बेसची सर्वांत बारीक तारसुद्धा साधारण 0.045 इंच जाडीची असते, तिच्यावर 20 किलोच्या आसपास ताण असतो आणि तो ती निमूटपणे वर्षानुवर्षे सोसते. ती नुसत्या वाजवण्याने सहसा तुटत नाही. खुंटीपाशी तुटली असेल तर ती चढवताना कोणीतरी फाजील वाकवलेली असण्याचा संभव असतो. बॉल एंडच्या, म्हणजे तारेच्या खालच्या टोकाला असलेल्या छोट्या मण्याच्या, पिळापाशी तुटली तर दोष बहुधा त्या तारेतच असतो. ब्रिजच्या सॅडलवर, म्हणजे वाद्याच्या अंगावर तार ज्यावर टेकते त्या खाचेच्या आधारावर, तुटली तर मात्र संशय वाद्यावर घ्यावा. बेसच्या चार तारा जाडीकडून बारीककडे ‘ई’, ‘ए’, ‘डी’ आणि ‘जी’; माझ्या पहिल्या दोन्ही तारा ‘जी’च्या होत्या आणि तीन महिन्यांच्या अंतराने त्या एकाच जागी, सॅडलच्या खाचेत तुटल्या. दुसऱ्या वेळी मी त्या खाचेवरून कापसाचा बोळा फिरवला तेव्हा त्याचा एक तंतू अडकून मागे राहिला. डोळ्यांना न दिसणारे धातूचे एक बारीक कुसळ तिथे होते. आठशे नंबरच्या पॉलिश पेपरची घडी करून चार-पाच वेळा हलक्या हाताने फिरवल्यावर कापूस न अडकता जाऊ लागला आणि त्यानंतर आजवर त्या खाचेत तार तुटलेली नाही. हे मी पहिल्याच वेळी केले असते तर पुढे घ्यावा लागलेल्या संचाचे पैसे वाचले असते.

पहिली तार तुटली ती गिरगावातल्या एका गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात, मध्यंतरानंतरच्या दुसऱ्याच गाण्यात. ‘जी’ जाणे हे त्यातल्या त्यात सुसह्य, कारण मोकळ्या ‘जी’चा स्वर ‘डी’च्या पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) मिळतो आणि वीस फ्रेटच्या मानेवर ‘जी’च्या पंधराव्या फ्रेटपर्यंतचे सगळे ‘डी’वर वाजवता येते, हात थोडा जास्त पळतो, एवढेच. ‘ई’ तुटली असती तर मोकळ्या ‘ए’च्या खालचे पाच स्वर गेलेच असते आणि ‘ए’ उतरवून ‘ई’पर्यंत आणली तर ती लोंबकळणाऱ्या दोरीसारखी वाजते. तो कार्यक्रम मी तीन तारांवर निभावला. दुसऱ्या दिवशी धोबी तलावला जाऊन एक सुटी ‘जी’ तार घेतली, 34 इंची लाँग स्केल (तारेची वाजणारी लांबी) आहे ना एवढे पाहिले, ती चढवली, आणि काम स्वस्तात झाले म्हणून खूश झालो.

ती खुशी पार्ल्याच्या नाट्यगृहातल्या साउंड चेकपर्यंत टिकली. माझ्या इतर तीन तारा तेव्हा वर्षभर वाजलेल्या होत्या. राउंडवाउंड, म्हणजे गाभ्यावर गोल तार गुंडाळलेल्या, तारेच्या वेढ्यांमधल्या फटींत बोटांचा घाम, कातडीचा कचरा आणि धूळ साचत जाते, तारेचे वरचे उपस्वर हळूहळू बसत जातात आणि मुंबईच्या दमट, खारट हवेत हे काम लवकरच उरकते. मला तो बसलेला, गोल आवाज आवडतोही. पण त्यांच्या शेजारी ती नवी ‘जी’ पितळी भांडे वाजावे तशी झणझणत होती. ट्यूनर चारही तारा बरोबर दाखवत होता, कारण मूळ स्वर बरोबरच होता. फरक होता तो त्याच्या वरच्या पिसाऱ्यात. खालून ‘डी’वरून ‘जी’वर जाणारा साधा चढता तुकडा वाजवला की तिसऱ्या स्वरावर बेसवादक बदलल्यासारखे वाटे. मिक्सरवरच्या मुलाने थोडा वेळ बटणे फिरवली आणि मग अगदी अदबीने म्हणाला, “दादा, तुमची ती एक तार जरा खाली घ्या ना.”

एक तार खाली घेता येत नाही, ही खरी अडचण इथेच समजली. तिखटपणा कमी करण्यासाठी टोन उतरवला की उरलेल्या तीन तारांचा चिखल होई आणि ढोलाच्या मागे त्या ऐकूच येईनाशा होत. टोन वर नेला की ‘जी’ पुन्हा सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राही. माझ्या वाद्याला फेंडरच्या प्रिसिजन बेसच्या पद्धतीचा, 1957 पासून प्रचलित झालेला दोन तुकड्यांचा पिकअप (तारांचा कंप टिपणारे चुंबक) आहे; त्यातला ‘डी’ आणि ‘जी’खालचा तुकडा स्क्रू फिरवून मी खाली केला, तर बिचारी ‘डी’ही त्याच्यासोबत खाली गेली आणि ‘जी’चा आवाज कमी झाला तरी धार तशीच राहिली. शेवटी त्या रात्री मी बोटांचा स्पर्शच बदलला, ‘जी’वर येताना बोटाच्या मांसल भागाने आणि मानेच्या बाजूला सरकून वाजवत राहिलो. तीन तास एका तारेची मर्जी सांभाळत वाजवणे किती थकवणारे असते, हे ज्याने केले असेल त्यालाच कळेल. ती तार इतरांच्या रांगेत येऊन बसायला सहा आठवडे तरी लागले असतील. पुढे इतर काही फायदे-तोटे मी पाहिले, त्यांची बेरीज-वजाबाकीही केली. पण माझा कौल या एका कटकटीने ठरवला, हे आधीच कबूल करतो.

दुसऱ्या वेळी म्हणून मी अख्खा संच बदलला. आवाजाच्या दृष्टीने हा मार्ग निर्दोष आहे: चारही तारा एका वयाच्या, एका धारेच्या, आणि मिक्सरवर बसलेल्याला जे काही करायचे ते चौघींना मिळून करता येते. ज्यांना नव्या तारांचा तो चमकदार, पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा आवाज हवा असतो, अंगठ्याने थापून वाजवायचे असते, त्यांनी दुसरा विचारच करू नये. माझे दोन आक्षेप मात्र आहेत. पहिला पैशांचा, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. बेसचा बरा संच सहा तारांच्या गिटारच्या संचाच्या कित्येक पट महाग पडतो आणि एका तारेपायी तीन चालत्या तारा उतरवणे जिवावर येते. दुसरा आक्षेप वेळेचा आहे. नवी तार ताणून बसेपर्यंत उतरत राहते. चारही नव्या असल्या की पहिला तासभर दर गाण्यानंतर हात खुंट्यांकडे जातो. घरी ते ठीक आहे. मध्यंतरात, वडापावचा कागद एका हातात आणि मोबाइलचा टॉर्च दाताखाली धरून, चार तारा चढवणे मी तरी करणार नाही.

याच्या उलट टोकाला जेम्स जेमरसन. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा हा माणूस जाड फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या, तारा वापरत असे आणि तुटल्याखेरीज त्या बदलत नसे, हे बेसवाल्यांच्या गप्पांत वारंवार निघते. फ्लॅटवाउंड वापरणाऱ्यांना हा सगळा प्रश्नच थोडा सौम्य असतो. त्या तारांना फटी जवळजवळ नसतात, त्यांची धार मुळातच कमी असते आणि एकच नवी तार लावली तरी ती इतकी उघडी पडत नाही. माझ्या एका मित्राच्या बेसवर तशी जोडी ऐकली आहे आणि मला तरी ती खटकली नाही. तुमच्या बेसवर फ्लॅटवाउंड असतील तर सुटी नवी तार घेऊन मोकळे व्हावे, असे मी म्हणेन.

तिसरा मार्ग मला केवळ चिकूपणामुळे सापडला. संच बदलला तेव्हा उतरवलेल्या धडधाकट ‘ई’, ‘ए’ आणि ‘डी’ टाकवेनात, म्हणून पुसून नव्या संचाच्या पाकिटातच गुंडाळून ठेवल्या होत्या. सातेक महिन्यांनी मुलुंडच्या एका कार्यक्रमात, दुसऱ्या अंकाची घंटा व्हायच्या आत, ‘डी’ बॉल एंडपाशी सुटली. पाकिटातली जुनी ‘डी’ काढली. तिला खुंटीपाशी आधीचाच वाक होता आणि वेढेही आपापल्या जागी लक्षात ठेवल्यासारखे होते. टोक खुंटीच्या भोकात घातले, वाक कडेला टेकवला आणि फिरवत गेलो. पक्कड लागली नाही. नव्या तारेचे तसे नसते, ती कापण्याआधी खुंटीपाशी काटकोनात वाकवावी लागते, नाहीतर काही तारांची, विशेषतः गोल गाभ्याच्या तारांची, वरची गुंडाळी सैल पडून तार कायमची बद्द होते. आणि अंधाऱ्या विंगेत घाईघाईत नेमके तेच होते. जुनी तार आधीच ताणलेली असल्याने दोनदा सुरात लावल्यावर उतरायची थांबली. सगळे मिळून चार-पाच मिनिटे लागली असतील. आणि महत्त्वाचे हे की ती इतर तिघींत बेमालूम मिसळली. मिक्सरवरून कोणीही काही म्हटले नाही.

यात खोट नाही असे नाही. संच नुकताच बदलला असेल आणि महिन्याभरात एखादी तार तुटली, तर जुनी तार नव्यांमध्ये मंद वाजते. मात्र तीन तेजस्वी तारांत एक मंद तार माझ्या कानाला जेवढी खपते तेवढी तीन मंद तारांत एक तेजस्वी खपत नाही. ज्यांचा कान याच्या उलट असेल त्यांना हा मार्ग पटणार नाही. शिवाय जुनी तार पुन्हा पुन्हा वाकवून चालत नाही, वाक सरळ करायला गेलात तर तिथेच तिचा जीव जातो. आणि ती शक्यतो त्याच वाद्याच्या त्याच खुंटीवर लावावी: एका बाजूला चारही खुंट्या असलेल्या बेसवर ‘जी’ची खुंटी सर्वांत लांब असते, दोन-दोन खुंट्यांच्या बेसवरून उतरवलेली ‘जी’ तिथपर्यंत पोचेलच असे नाही. यासाठी एक शिस्तही लागते, ती म्हणजे तारा पार मरेपर्यंत न वापरता थोडा जीव शिल्लक असतानाच उतरवणे. मी वर्षातून एकदा, गणपतीच्या पंधरा दिवस आधी, पूर्ण संच बदलतो, म्हणजे नव्या तारा तोवर बसतात. त्यामुळे खर्च वाचतो असा दावा मला करता येणार नाही. अख्ख्या संचाचे पैसे जातातच, फक्त ते घरी, निवांतपणे आणि माझ्या सोयीने जातात.

जादा बेस सोबत नेण्याचा चौथा मार्ग अनेकजण सुचवतात आणि गाडी असेल तर तो सर्वांत उत्तम आहे. संध्याकाळी सहाच्या विरार लोकलमध्ये एक बेस घेऊन चढणाऱ्याला मात्र दुसऱ्या बेसबद्दल काही सांगू नये.

तुम्ही बहुतेक स्टुडिओत वाजवत असाल, किंवा तारा चकचकीतच लागत असतील, तर संच बदला. महिन्यातून एखादाच कार्यक्रम आणि हाताशी भरपूर वेळ असेल तर सुटी नवी तार चढवून ती आठवडाभर घरी रोज वाजवून मुरवणेही वाईट नाही. रंगमंचावर, दुसऱ्या अंकाच्या घंटेआधी, माझा हात मात्र जुन्या तारांच्या पाकिटाकडेच जातो. ते पाकीट आता झिपच्या प्लास्टिक पिशवीत असते, आत बुटांच्या खोक्यातून निघालेल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या, कारण त्याशिवाय जूनच्या अखेरीस तारांवर तांबूस ठिपके येतात. प्रत्येक तार वेगळी गुंडाळलेली आणि तिच्यावर चिकटपट्टीवर तिची जाडी लिहिलेली. यंदाचा संच उतरवून झाला आहे, तारा कोरड्या फडक्याने पुसून पिशवीत गेल्या आहेत. कोणत्या महिन्यात उतरवल्या ते वर लिहायचे तेवढे राहिले आहे, आणि गेल्या वर्षीची पिशवी तिच्या शेजारीच पडलेली असल्यामुळे ते आज रात्रीच करावे लागेल.