आखाजीला खापर कुठल्या चुलीवर ठेवाल?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की पुरणाचे मांडे भाजायच्या मातीच्या खापरासाठी नव्या चुलीचा विषय निघतोच. अंगणातली मातीची चूल, दाराची आणि धुराड्याची बंद लोखंडी चूल, की खाली पंखा बसवलेली? माझ्या मते किमतीआधी एक गोष्ट बघा: हिच्यातली हवा आपल्या हातात किती राहते.

लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतो, आणि जाळ दिसतो तो या वायूचा. खालच्या जाळीतून आलेली हवा निखारा फुलवते, वरून आलेली हवा वायू जाळते. खालची हवा जास्त झाली की निखारा भडकतो, वायू आणखी सुटतो आणि उष्णता चढतच जाते. आपल्याकडे त्यात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, भर. बारीक, वाळलेली, भरपूर पृष्ठभाग असलेली. बाभळीचं ओंडकं जे तासाभरात देईल ते पऱ्हाटीची पेंढी काही मिनिटांत देऊन मोकळी होते.

बंद लोखंडी चुलीत नेमकी इथेच फसगत होते. दार आहे, झडप आहे, म्हणजे जाळ आवरता येईल असं वाटतं. पण पेंढी भरून पेटल्यावर झडप एकदम मिटली तरी वायू सुटायचा थांबत नाही. तो न जळता कोंडतो, धुराड्यात काजळीचा चिकट थर धरतो, आणि कुणी घाईने दार उघडलं की भपका तोंडावर येतो. हाच थर पुढे धुराड्यात पेट घेऊ शकतो. म्हणून या चुलीत पऱ्हाटी फक्त पेटवणापुरती. नंतर बाभूळ, निंब, तेही पुरतं वाळलेलं आणि थोडं थोडं. अंधारात धुराडं लालसर दिसलं तर पत्रा साधारण 500 अंशांच्या पुढे गेला आहे असं समजा. तेव्हा खालची झडप मिटा, दार उघडू नका, पाणी तर अजिबात ओतू नका. ओतीव लोखंड तडकतं. धुराड्याची झडप मात्र निखारे असेपर्यंत पूर्ण लावायची नाही. कार्बन मोनॉक्साइड घरात येतो आणि त्याला वास नसतो.

विकत घेताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर तिथून हवा शिरणार, आणि झडप कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. राखेच्या कप्प्याचं दारही असंच तपासा. ते किलकिलं राहिलं तर चूल भात्यासारखी पेटते.

पंख्याच्या चुलीला धूर कमी, चहा-भाजी झटपट. पण सरपणाचे बोटभर तुकडे करावे लागतात, बॅटरी किंवा वीज लागते, आणि जाळ मधोमध एकवटतो. त्यावर खापर ठेवलं तर मधला भाग जळेल आणि कडा कच्च्या राहतील.

मांड्यांसाठी माझं मत मातीच्या चुलीलाच आहे. तिच्यात हवा आवरायला काही नाही, पण सरपण हातात असतं. काडी मागे ओढली की खापर लगेच मऊ तापतं, पुढे सारली की चढतं. पुरण भरलेला मांडा खापरावर पडायच्या आधी माझी आजी पाण्याचे दोन थेंब शिंपडून बघायची. थेंब तडतडून लगेच उडाले तर दोन काड्या बाहेर. ही चूल घरात नको, पडवीतही नको. तिचा धूर डोळ्यांना आणि छातीला खरंच बाधतो. अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून मांडा.

रोज पाणी तापवायचं, वरण शिजवायचं आणि शेतात बाभूळ आहे, अशा घरात बंद चूल पैसे वसूल करते. वर्षातून आखाजीपुरती हवी असेल तर त्या खर्चात पडू नका.

जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदच्या वांग्यांच्या भरताला यातली एकही चूल नको. तिथे उघड्यावर पऱ्हाटीचा ढीग पेटवायचा आणि तो भडकू द्यायचा. वांग्याची साल करपलीच पाहिजे.